मुलाला हा सिनेमा पाठवू का?

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले. दिवाळीत पुण्याची भाची आली होती. तिने टीव्हीवर ‘सिनेमा पॅराडिसो’ हा इटालियन सिनेमा लावला आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. रात्री सगळं आवरलं की मोबाइलवर लावून बसते. इंग्रजी सबटायटल्स जवळजवळ पाठ झाली आहेत. त्यातल्या अल्फ्रेडोचा, गावच्या थिएटरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरचा, आवाज दिवसभर कानात असतो. आमचे हे लहानपणी जत्रेत तंबूच्या कनातीखालून घुसून सिनेमे बघायचे, पण आता म्हणतात, “या वयात हे काय खूळ? आणि रीळ कधी असं भडकन पेटतं का? काहीही दाखवतात.”

खरं दुखणं वेगळं आहे. मुलगा नऊ वर्षांपूर्वी टोरांटोला गेला. विमानतळावर त्याचा पाय निघेना, तेव्हा मीच म्हटलं, “मागे वळून बघायचं नाही. आमच्यासाठी म्हणून परत यायचं नाही.” सिनेमात गाव सोडून निघालेल्या तोतोला अल्फ्रेडो स्टेशनवर हेच सांगतो. मुलगा चांगला आहे. दर रविवारी फोन करतो, दोन वर्षांआड येऊन राहून जातो. पण सिनेमातली ती आई पाहिली की माझ्या पोटात खड्डा पडतो. मी चुकले का? हा सिनेमा त्याला पाठवू का? मला न बोलता त्याला कळेल. भाची म्हणते याची एक मोठी आवृत्ती आहे, पण ती बघू नकोस, सगळं बिघडतं. बघू की नको?

ताई,

आधी सरळ उत्तर देते. सिनेमा मुलाला पाठवू नका. निदान “मला न बोलता त्याला कळेल” या कारणासाठी तरी अजिबात नको.

तुम्ही हा सिनेमा इतक्यांदा पाहिला आहे की त्यातला साल्वातोरे, म्हणजे मोठा झालेला तोतो, तुम्हाला घरचा वाटतो. पण मुलाच्या जागी बसून पाहा. साल्वातोरे तीस वर्षं गावी फिरकलेला नाही. रोममध्ये मोठा दिग्दर्शक झालाय, तिथून सिसिली विमानाने तासाभरावर, तरी नाही. आई फोन करते तेव्हा दर वेळी वेगळीच बाई उचलते. सुरुवातीलाच म्हातारी आई टेबलापाशी बसून त्याला अल्फ्रेडो गेल्याचा निरोप द्यायची खटपट करते आहे, आणि मुलगी तिला म्हणते, त्याला आठवणारही नाही. आता दर रविवारी न चुकता फोन करणारा, रजा साठवून दोन वर्षांनी घरी येणारा तुमचा मुलगा रात्री एकटा टोरांटोत हे बघतो आहे. आईने पाठवलंय म्हणून प्रत्येक प्रसंगात तो शोधणार, की हिला नेमकं काय म्हणायचं आहे. त्याला त्यात एकच गोष्ट सापडेल, ती म्हणजे तक्रार. आणि तीही जो गुन्हा त्याने केलेला नाही त्याची. आई बोलली तर माणूस उत्तर देऊ शकतो, रागावू शकतो, समजावू शकतो. सिनेमाला उत्तर कसं देणार? तो “छान होता” असा मेसेज करेल आणि तुम्ही दोघंही आपापल्या ठिकाणी गप्प व्हाल.

तुमच्या पोटात खड्डा पडतो तो कोणत्या प्रसंगाला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं मी ओळखते. मुलगा परत येतो तेव्हा आई खुर्चीत विणत बसलेली आहे. खाली चाहूल लागते. ती उठते आणि धागा तिच्याबरोबर ओढला जातो. ती जिना उतरून जाते, आणि आपल्याला दिसतं ते फक्त वर राहिलेलं विणकाम, ओळीमागून ओळ उसवत जाणारं. मग धागा थांबतो, तेव्हा कळतं की ती दारात पोचली. तीस वर्षांची वाट दिग्दर्शकाने एवढ्याशा लोकरीत दाखवली. ज्युसेप्पे तोर्नातोरे त्या वेळी जेमतेम तिशी ओलांडलेला होता. त्या वयाच्या मुलाला आईचं हे कसं दिसलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

पण त्यानंतरचं मायलेकांचं बोलणं पुन्हा नीट ऐका. मुलगा म्हणतो, मी तुला टाकून पळालो, कधी काही कारणही सांगितलं नाही. आणि आई म्हणते, मी कधी मागितलंच नाही. तू गेलास ते योग्यच केलंस. फक्त एवढंच, की तुझा फोन उचलणाऱ्या एकाही आवाजात तुझ्याबद्दल खरं प्रेम मला ऐकू आलं नाही. तुझं आयुष्य तिकडे आहे, इथे सगळी भुतं आहेत.

त्या आईबद्दल मला अतिशय आदर आहे. तरीही तिच्यासारखं वागा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिने कधी काही विचारलं नाही म्हणून त्यानेही कधी काही सांगितलं नाही, आणि त्यात तीस वर्षं गेली. त्याची खोली तिने जशीच्या तशी सांभाळून ठेवली, पण “ये रे” हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. आपल्याकडेही अशा आयांचं कौतुक होतं. “कध्धी म्हणून काही मागितलं नाही हो,” असं आपण अभिमानाने सांगतो. मला आता ते ऐकलं की वाईट वाटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, चुकलात का.

अल्फ्रेडो हे का बोलतो ते आधी बघू या. तो काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, गाव दक्षिणेतलं, गरीब. तोतोच्या वर्गातला पेपिनो आठवतो ना? बाप कम्युनिस्ट, म्हणून गावात काम मिळत नाही, आणि अख्खं कुटुंब जर्मनीला निघून जातं. दक्षिण इटलीतून त्या वर्षांत माणसं खरोखरच अशीच चालली होती, तुरिन-मिलानच्या कारखान्यांकडे, जर्मनीकडे, बेल्जियमच्या कोळसा खाणींकडे. आणि अल्फ्रेडो स्वतः? लहानग्या तोतोला तो बजावून सांगतो की हे ऑपरेटरचं काम करू नकोस. दिवसभर एकटा, एकच सिनेमा शंभरदा बघायचा, उन्हाळ्यात भाजायचं, हिवाळ्यात गारठायचं, सणवार नाही. ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं नसतं तर गुड फ्रायडेलाही सुट्टी मिळाली नसती, असं म्हणतो. पाचवीची परीक्षा त्याने पोराटोरांच्या बाकावर बसून दिली, तीही तोतोच्या कागदावरचं बघून. अशा माणसाने “जा, परत येऊ नकोस” म्हणावं, हे त्याच्या आयुष्यातूनच आलेलं आहे.

तुम्हीही इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंत. हुशार पोरं घरच्या ओढीने किंवा घरच्यांच्या धाकाने कशी जागच्या जागी राहतात, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. विमानतळावर तुमच्या तोंडून जे निघालं त्यात हे सगळं होतं. ते वाक्य त्या दिवशी बरोबर होतं. पाय अडखळलेल्या मुलाला त्याच वाक्याने पुढे ढकललं. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

प्रश्न आहे तो त्या वाक्याच्या मुदतीचा. निघताना म्हटलेलं निघण्यापुरतं असतं. अल्फ्रेडोने मात्र ते जन्मभरासाठी म्हटलं आणि जन्मभर पाळलं. त्याची बायको अंत्ययात्रेच्या दिवशी साल्वातोरेला सांगते की शेवटपर्यंत तो तुझ्याबद्दलच बोलत होता. मग दोन वस्तू हातात ठेवते. एक रिळाचा डबा, आणि एक तो छोटा स्टूल, ज्यावर उभं राहून तोतो प्रोजेक्टरपर्यंत पोचायचा. माणूस बोलत राहिला, पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी नाही.

तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघंही अजून आहात. रविवारी फोन येणार आहे. तुमचं वाक्य तुम्ही परत घेऊ शकता.

आणि एक गोष्ट, जी कदाचित तुमच्या ध्यानात आली नसेल. “मागे वळून बघायचं नाही” असं आईने सांगितलेला मुलगा नंतर काय काय लपवतो? तिकडची पहिली थंडी, नोकरीतली धाकधूक, सणाच्या दिवशी रिकामं वाटणं, “आई, मला करमत नाही” हे साधं वाक्यसुद्धा. कारण ते बोलणं म्हणजे मागे वळणं. साल्वातोरे आईजवळ कबूल करतो की परत यायची मला कायम भीती वाटायची. तुमचा मुलगा भितो असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखत नाही. पण नऊ वर्षांच्या रविवारच्या फोनांत त्याने कधी रड सांगितली आहे का, ते आठवून बघा. सांगितली नसेल, तर ती नव्हतीच असं समजू नका. तुम्हाला वाटतंय की त्या वाक्याचं ओझं तुम्ही वाहताय. तो दुसऱ्या टोकाने तेच वाहत असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

म्हणून बोला. सिनेमाचं नाव काढायची गरज नाही. फोन स्पीकरवर नको, आणि “बरं ठेवते आता”च्या वेळी घाईघाईने उरकूनही नको. थोडं इकडचं तिकडचं झालं की सांगा: “तू निघालास त्या दिवशी मी तुला मागे बघू नकोस म्हटलं होतं. तुझा पाय निघावा म्हणून म्हटलं होतं. ते आता राहिलं नाही. मला तुझी आठवण येते, आणि तुलाही काही वाटलं तर मला सांगत जा.” एवढंच. “म्हणून परत ये” हे त्याला जोडू नका. त्याचं घर, काम, पुढचं आयुष्य कुठे असावं हा वेगळा विषय आहे आणि तो त्याचा आहे. तो कदाचित हसून म्हणेल, “अगं आई, मला तर ते आठवतही नाही.” म्हणू दे. किंवा थोडा वेळ काहीच बोलणार नाही. मग तुम्हीही बोलू नका, फोन मात्र ठेवू नका.

आता मोठ्या आवृत्तीचं.

१९८८ साली हा सिनेमा इटलीत लागला तेव्हा तो अडीच तासांहून मोठा होता, आणि चालला नाही. मग कापून दोन तास चार मिनिटांवर आणला. तोच १९८९मध्ये कान महोत्सवात गेला, ज्युरींचं विशेष पारितोषिक घेऊन आला, आणि पुढच्या वर्षी परभाषिक चित्रपटाचं ऑस्करही. तुम्ही पाहिला तो हाच. पुढे २००२मध्ये जवळपास तीन तासांची दिग्दर्शकाची आवृत्ती अमेरिकेत लागली. तिच्यात मध्यमवयीन साल्वातोरेला त्याचं तरुणपणीचं प्रेम, एलेना, पुन्हा भेटते, आणि तरुणपणी त्या दोघांची चुकामूक झाली त्यात अल्फ्रेडोचा हात होता हे उघड होतं. एवढंच सांगते, बाकीचं तुम्ही बघाल तेव्हा.

भाचीचं म्हणणं सिनेमा म्हणून मला पटतं. छोटी आवृत्ती जास्त बांधीव आहे, त्यात काय हरवलं ते न सांगताच कळतं, आणि पाद्र्याने कापायला लावलेल्या चुंबनांच्या तुकड्यांचा, त्या डब्यातल्या रिळाचा, तो शेवट तिच्यात जास्त लागतो. पण तुम्ही जो प्रश्न विचारताय, त्याला छोटी आवृत्ती बगल देते. ती अल्फ्रेडोला फार सहज माफ करते. मुलाचं भलं कशात आहे हे त्याला न विचारता ठरवायचा अधिकार प्रेमाने मिळतो का, हे मोठी आवृत्ती विचारते, आणि अल्फ्रेडो हा थोर म्हातारा तिथे जरा डागाळतो. मला तो तसा डागाळलेलाच जास्त खरा वाटतो. तेव्हा बघा, जरूर बघा. पण मुलाशी बोलून झाल्यावर. आधी बघितलात तर अल्फ्रेडोचं सगळं पाप स्वतःच्या माथी घ्याल, आणि ते तुमचं नाही. त्याने लपवून केलं. तुम्ही जे बोललात ते भर विमानतळावर, मुलाच्या तोंडावर बोललात.

“या वयात हे काय खूळ” याचं उत्तर देताना मला वयाचा मुद्दाच कळत नाही. विशीत हा सिनेमा पाहणारे तोतो-एलेनाच्या प्रेमासाठी पाहतात. आई, अल्फ्रेडो, गाडी सुटताना धापा टाकत पोचलेला आणि तरी उशीर झालेला तो पाद्री, ही माणसं दिसायला आयुष्य थोडं जगावं लागतं. तुम्ही योग्य वयात पाहिलात. शिवाय तुम्ही फक्त मुलाच्या आठवणीने तो लावत नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं. तुम्हाला त्यातला आवाज आवडलाय, संगीत आवडलंय, गाव आवडलंय. ते तुमचं स्वतःचं आहे, मुलाशी त्याचा संबंध नाही. ते तसंच राहू द्या.

त्या आवाजाबद्दल एक सांगते. अल्फ्रेडो झालेला फिलिप न्वारे हा फ्रेंच नट. इटालियन आवृत्तीत तुम्हाला ऐकू येतो तो आवाज विट्टोरियो दी प्रिमा या सिसिलीच्याच नटाचा आहे. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, आणि तरी माणूस एकच उभा राहिला. संगीत एन्नियो मोरिकोने यांचं, त्यातली प्रेमाची धून त्यांच्या मुलाची, आंद्रेयाची. बापलेकांनी मिळून केलेलं काम आहे ते. छोटा तोतो झालेला साल्वातोरे काशो हा पालाझ्झो आद्रियानो गावचाच पोरगा, जिथे सिनेमातला तो चौक चित्रित झाला. मोठेपणी डोळ्यांच्या एका आजाराने त्याची दृष्टी जवळपास गेली. थिएटरच्या आगीत आंधळ्या झालेल्या अल्फ्रेडोला हाताला धरून नेणारं ते पोर आठवलं की हे वाचून गलबलतं. त्याने ते लपवलं नाही, २०२२मध्ये स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं.

राहता राहिले तुमचे यजमान. रीळ असं पेटतं का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण त्यांनी जत्रेत पाहिलेली रिळं बहुधा तशी नव्हती. १९५०च्या आसपासपर्यंत सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची. ती प्रोजेक्टरच्या गरम दिव्यापुढे अडकली की क्षणात पेट घ्यायची, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नसे, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. नंतर सुरक्षित फिल्म आली. सिनेमातही आगीनंतर नव्या थिएटरात न पेटणारी फिल्म येते, तेव्हा आंधळा अल्फ्रेडो म्हणतो की प्रगती नेहमी उशिराच येते. आणि हे फार लांबचंही नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेली जुनी नायट्रेट रिळं जळाली, आपले कितीतरी जुने सिनेमे त्या आगीत गेले. यजमानांना हे सांगा. खोटं काहीही दाखवलेलं नाही.

पण त्यांना सिनेमा पहिल्यापासून बघायला बसवू नका. सबटायटल्स, सावकाश सुरुवात यात ते कंटाळतील. मधूनच लावा, थिएटरातली माणसं दिसतात तिथून. एक माणूस पडद्यावरचे संवाद आधीच म्हणतोय आणि ढसाढसा रडतोय, बाल्कनीतला शिष्ट खाली थुंकतोय, कुणी लेकराला पाजतंय, कुणी घोरतंय. मग ती रात्र, जेव्हा आत जागा नाही म्हणून चौकात गर्दी थांबलेली असते आणि अल्फ्रेडो काच फिरवून सिनेमा खिडकीबाहेर सोडतो. चित्र भिंतीवरून सरकत सरकत समोरच्या घरावर जाऊन बसतं. आग लागायच्या आधी तिथेच थांबवा आणि त्यांना विचारा, तुमच्या जत्रेत तंबूत काय लागायचं, आणि कनातीखालून घुसताना कधी धरले गेलात का.

त्यांची गाडी सुरू झाली की सिनेमा त्या दिवसापुरता बंद करा आणि ऐकून घ्या. महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबू-टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा २०१६चा माहितीपट आहे, तोही कानला गेला होता. भाचीला सांगून मिळाला तर तो दोघं मिळून बघा. त्यातले प्रोजेक्टर, ट्रक आणि तंबू यजमान तुम्हाला समजावून सांगतील, तिथे सबटायटल्सची गरज तुम्हाला पडणार नाही आणि त्यांनाही. आणि मुलगा पुढच्या वेळी सुट्टीवर येईल तेव्हा ‘सिनेमा पॅराडिसो’ त्याला दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा. शेजारी बसून, तुम्हाला आवडतो म्हणून.